शालूला ठाऊक नसलेलं बोलणं

'फँड्री'मध्ये जब्या आणि शालू एकमेकांशी अवाक्षरही बोलत नाहीत. दोघं एकाच वर्गात बसतात, एकाच गावच्या जत्रेत असतात, आणि तरी चित्रपट संपेपर्यंत त्यांच्यात "वही देतेस का" एवढंही बोलणं होत नाही. चित्रपट पाहून आलेल्या कुणालाही विचारा, तो जब्या-शालूची गोष्ट सांगेल. तिच्या बाजूने शब्द नाही, त्याच्या बाजूनेही उच्चारलेला शब्द नाही, मग या दोघांमध्ये जे काही चाललं होतं त्याला म्हणायचं काय? नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ला महाराष्ट्रात लागला. प्रेमाच्या दिवशी लागलेला चित्रपट म्हणून कितीतरी जण प्रेमकथा बघायला गेले होते. मीही गेले होते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दिवसभर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या आवाजात वावरते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यापेक्षा न बोलण्याकडेच माझं लक्ष जास्त जातं. नववीचा वर्ग बाहेरून पाहिला तर कलकलाट असतो. आत उभं राहून नीट ऐकलं की कळतं, हा सगळा कलकलाट मुलांचा मुलांशी आणि मुलींचा मुलींशी आहे. मधल्या जागेतून शब्द जात नाहीत, वस्तू जातात. मुलाला मुलीची गणिताची वही हवी असेल तर तो तिच्याकडे मागत नाही. तो तिच्या चुलतभावाला सांगतो, चुलतभाऊ तिच्या मैत्रिणीला, आणि मग वही चार हातांतून त्याच्या बाकावर येते. परत जातानाही तशीच जाते. एकदा मी फळ्याकडून वळले तेव्हा एक निळं पेन मुलींच्या रांगेतून मुलांच्या रांगेकडे चाललं होतं. पेन देण्याघेण्यात काही विशेष नाही, पण ज्या जपणुकीने ते एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं ती जपणूक पेनाची नव्हती. आतली रिफिल काढलेली होती आणि पोकळीत कागदाची सुरळी होती, उदबत्तीच्या काडीएवढी बारीक. मी पेन घेतलं नाही. शिकवत राहिले. त्या सुरळीत काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही, पण ती पोचली एवढं मी पाहिलं.

पोचली, हे महत्त्वाचं. जब्याने शालूसाठी लिहिलेली चिठ्ठी पोचत नाही.

मराठी चित्रपटांतल्या पोरवयाच्या मुलांचं बोलणं पाहायचं तर 'शाळा' आठवणं भाग आहे. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला हा चित्रपट आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाचा. त्यातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे मुकुंद जोशी आणि शिरोडकर एकमेकांना आडनावाने ओळखतात. त्याच्या मनातही ती 'शिरोडकर'च. हजेरीपटावरचं नाव. पहिलं नाव घेतलं तर फार जवळचं होईल, आणि काहीच न म्हणता येण्याइतकी ती परकीही नाही, म्हणून आडनाव. शाळेनेच दिलेलं हे अंतर दोघं वापरतात आणि त्या अंतरावरून थोडं का होईना बोलतात. तिला कळतं की तो बघतो. त्याला कळतं की तिला कळलंय. चार मित्रांची बैठक अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसते, तिथे कोण कुणाला लाईन देतंय याची सविस्तर चर्चा होते, आणि नरूमामासारखा एक मोठा माणूस असतो, ज्याला विचारता येतं. त्या चौघांतला सुऱ्या मात्र केवड्याला, म्हणजे त्याला आवडणाऱ्या मुलीला, थेट विचारून बसतो आणि प्रकरण अंगाशी येतं. पण तिथेसुद्धा शिक्षा होते ती बोलल्याची. म्हणजे बोलणं झालेलं असतं.

जोशी आणि शिरोडकर यांच्यामध्ये लाज आहे, वय आहे, शाळेची शिस्त आहे, पुढे बदलीमुळे गाव सोडून जाणं आहे. हे सगळं दुखतं. पण 'शाळा' पाहताना एक गोष्ट आपण गृहीत धरून चालतो, की जोशी शिरोडकरकडे गेला आणि बोलला तर ती त्याला माणूस म्हणून ऐकेल. हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, पण ऐकेल. हे गृहीत धरता येणं केवढी मोठी गोष्ट आहे, ते 'फँड्री' पाहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

'सैराट'मध्ये मंजुळे यांनी हे उलटं करून पाहिलं. तिथे आर्चीही बघते. भर वर्गात, मान वळवून, न लाजता बघते आणि परश्याची गाळण उडते. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, भावकीतल्या पोराला चारचौघांत सुनावते. रिंकू राजगुरूच्या त्या ठसक्यावर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. मलाही ती फार आवडते. पण तिचं धीट बोलणं कुठून येतं ते पाहायला हवं. ती पाटलांची मुलगी आहे. गावात तिच्या वाक्याला मागे घर आहे, शेत आहे, वडिलांचं राजकारण आहे. हीच आर्ची पळून हैदराबादला जाते तेव्हा तिच्या कानावर तेलुगू पडतं आणि तिची भाषाच जाते. झोपडपट्टीतल्या त्या खोलीत ती आईच्या आठवणीने रडते, कामावर नवी भाषा शिकते, आणि परश्या, जो गावात तिच्यासमोर तत-पप करायचा, तो तिच्यावर संशय घेतो आणि भर रस्त्यात हात उचलतो. मला चित्रपटाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून मोठा वाटतो तो यासाठी. कोण आधी बोलणार, कोण गप्प राहणार, हे स्वभावावर ठरतं असं आपण म्हणतो. आर्चीचा स्वभाव तोच होता. जागा बदलली.

आता परत जब्याकडे.

जब्या, म्हणजे जांबुवंत माने. गावाबाहेरचं घर, वडील कचरू गावची पडेल ती कामं करणारे, जात कैकाडी. डुकरं धरणं हे काम गाव त्यांच्याच गळ्यात घालतं, आणि 'फँड्री' हा त्यांच्या बोलीतला डुकराचा शब्द गावातली पोरं त्यालाच हाक मारायला वापरतात. सोमनाथ अवघडे या मुलाने हा जब्या केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी वाचली तेव्हा मला वाटलं होतं की हा पुरस्कार त्याच्या मानेचा आहे. अर्धी वळलेली, कुणी पाहिलं तर लगेच सरळ होणारी मान. वर्गात शालू दिसावी आणि आपण बघतोय हे कुणाला दिसू नये, या दोन्ही गोष्टी एका मानेने सांभाळायच्या असतात. हे मी रोज पाहते, म्हणून सांगते, ते अभिनयाने आणणं सोपं नाही.

त्या वर्गात मास्तर चोखोबांचा अभंग शिकवतात. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.' हा अभंग मी किती वर्गांना शिकवला असेल! आपण चाल लावून म्हणतो, मुलं मागून म्हणतात, अर्थ सांगतो, 'डोंगा म्हणजे वाकडा' असं फळ्यावर लिहितो. चित्रपटात तो तास चालू असताना एक मुलगा वरलिया रंगामुळेच जिच्याशी बोलता येणार नाही तिच्याकडे पाहतोय. अभंग त्याच्याबद्दल आहे, त्याच्यासाठी आहे, त्याच्यासारख्याच एकाने म्हटलेला आहे. आणि तो अभंग त्याच्या काही उपयोगाला येत नाही. मास्तरांचा आवाज चालू राहतो. या प्रसंगात कुणी दुष्ट नाही, मास्तरही नाहीत. एक माणूस काही सांगतोय, पन्नास मुलं ऐकतायत, आणि सांगितलेलं कुणालाच लागत नाही. माझ्या पेशातली ही सगळ्यात भीतिदायक गोष्ट मला पडद्यावर दिसली.

शालू काय करते? राजेश्वरी खरातला या भूमिकेत बोलायला फारसं काही नाही. ती मैत्रिणींबरोबर असते, वर्गात असते, जत्रेत असते. कधी तिची नजर जब्याच्या दिशेने जाते, पण ती त्याला पाहतेय की सहज पाहतेय, याचा निर्वाळा चित्रपट देत नाही. आपण जब्याच्या डोळ्यांनी पाहत असल्यामुळे आपल्यालाही वाटायला लागतं, तिला कळलंय बहुतेक. त्या वयात असंच असतं. तिने केस मागे सारले, हे उत्तर. तिने आज दुसरी रिबीन लावली, हेही उत्तर. समोरच्याने काहीच न सांगता आपण सगळं ऐकत असतो. जब्याच्या मनात शालूबरोबर एक लांबलचक बोलणं चालू आहे, आणि त्या बोलण्यात आपण आहोत हे शालूला माहीतच नाही.

हे एकदा लक्षात आलं की काळ्या चिमणीचा अर्थ लागतो. जब्या आणि त्याचा मित्र पिऱ्या हातात गलोल घेऊन रानोमाळ एका काळ्या चिमणीच्या मागे असतात. ती मारायची, जाळायची, आणि तिची राख शालूवर टाकायची, म्हणजे शालू वश होईल, अशी समजूत. पहिल्यांदा पाहताना ही मला पोरवयातली एक भाबडी गंमत वाटली होती. आता वाटतं, जब्याने आपल्या अडचणीचा फार नेमका विचार केला आहे. त्याला असं काही हवंय, जे तिच्यापर्यंत पोचेल पण त्यासाठी तिच्यासमोर उभं राहावं लागणार नाही. ज्यात आपलं नाव, आडनाव, घर, बापाचं काम सांगावं लागणार नाही. ज्यात तिला 'नाही' म्हणायची वेळच येणार नाही. चिठ्ठी द्यायची तर खाली नाव लिहावं लागतं, आणि त्या गावात नावाबरोबर सगळंच येतं. राखेला जात नसते.

जीन्सचंही तेच. दुकानातली ती पँट त्याला हवी आहे. ती घेण्यासाठी तो सायकलवरून गारेगार विकायला जातो, आणि ती उसनी सायकल वाहनाखाली चेपली जाते. त्या चेंदामेंदा झालेल्या सायकलीपाशी उभा असलेला जब्या पाहवत नाही. माझ्या वर्गातली मुलंही कपड्यांनी बोलतात. ज्या मुलाला मुलींसमोर वाक्य पूर्ण करता येत नाही तो स्नेहसंमेलनाला पांढरे बूट घालून येतो, आणि त्या बुटांनी त्याने जे सांगायचं ते सांगितलेलं असतं. जब्याला ती जीन्स मिळाली असती तर शालूशी बोलता आलं असतं का? नाही. पण ती घालून तिच्यासमोरून चालत जाता आलं असतं. त्याच्या हिशेबात तेवढंही पुष्कळ होतं.

या चित्रपटात खरं बोलणं कुठे असेल तर ते जब्या आणि पिऱ्या यांच्यात आहे. त्याविषयी फार कमी लिहिलं गेलंय, म्हणून मी इथे जरा थांबते. सूरज पवारचा पिऱ्या. हाच मुलगा मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटात होता. दोघं बाभळींमधून चालतात, झुडपाआड दबा धरून बसतात, एकाचा नेम चुकतो, दुसरा काहीतरी म्हणतो, पहिला गप्प करतो. ते समोरासमोर बसून बोलत नाहीत. बहुतेक वेळा एकमेकांच्या शेजारी असतात आणि दोघांचं लक्ष तिसरीकडे, चिमणीकडे, शालूकडे, रस्त्याकडे. मुलगे असेच बोलतात. "मला वाईट वाटतंय" असं मित्राच्या डोळ्यांत बघून म्हणणारा चौदा वर्षांचा मुलगा मी पाहिलेला नाही. पण दोघं मिळून एका विहिरीत खडे टाकत बसलेले पाहिलेत, आणि त्या खड्यांच्या मध्ये मध्ये घरातलं सगळं सांगून झालेलं असतं. पिऱ्या जब्याला शहाणपण शिकवत नाही. शालू तुला मिळणार नाही, हे त्याला जब्याहून आधी कळलं असेल, नसेलही. तो चिमणी शोधायला बरोबर येतो. उन्हातान्हात येतो. मैत्रीत याहून जास्त काय बोलायचं असतं?

दुसरा ऐकणारा चंक्या. सायकलचं दुकान चालवणारा, गावाने वेड्यात काढलेला, ज्याचं स्वतःचं प्रेम पूर्वी कधीतरी उद्ध्वस्त झालंय. मंजुळे स्वतःच ही भूमिका करतात. 'शाळा'तल्या नरूमामाच्या जागी इथे चंक्या आहे, आणि हा फरकही बघण्यासारखा आहे. नरूमामा हसतखेळत सल्ला देतो, कारण त्याच्या जगात सल्ल्याने काही होऊ शकतं. चंक्याकडे सल्ला नाही. तो जब्याच्या वेडात सामील होतो. जत्रेत जब्या नवे कपडे घालून पालखीपुढे नाचतो आणि चंक्या त्याला खांद्यावर उचलून घेतो, तो क्षण मला चित्रपटातला सर्वांत आनंदाचा वाटतो. सगळं गाव बघतंय. शालूही तिथे आहे. जब्याला जे म्हणायचं होतं ते तो नाचून म्हणतोय, आणि थोडा वेळ असं वाटतं की म्हणून झालं. मग बाप हाक मारतो. डोक्यावर गॅसबत्ती देतो. नाचणाऱ्यांमधला मुलगा नाचणाऱ्यांना उजेड दाखवणारा होतो. त्याच कपड्यांत. डोळ्यांतून पाणी येतं आणि दोन्ही हात बत्ती धरण्यात गुंतलेले. पुसणार कसं?

यंदा नववीच्या वर्गाला मी हा चित्रपट दाखवला. शाळेच्या ई-लर्निंगच्या खोलीत, पडदे ओढून, दोन भागांत. काही पालकांचं काय म्हणणं येईल याची धाकधूक होती, ते राहू दे. मला मुलांचं ऐकायचं होतं. डुकराच्या पाठलागाला सुरुवातीला ती हसली. मी काही म्हटलं नाही. थोड्याच वेळात हसणं आपोआप थांबलं, कारण पडद्यावरचा वर्गही तसाच हसत होता.

तो पाठलाग म्हणजे चित्रपटाचा गाभा. जत्रेत डुकराने पालखीत गोंधळ घातला म्हणून पाटलाने कचरूला डुकरं धरायचा हुकूम सोडलाय. आई, बाप, बहिणी, जब्या, सगळं घर कामाला लागलंय, आणि हे शाळेच्या शेजारी. वर्गातली मुलं बघायला जमलीत. जब्या भिंतीआड लपतो. बाप ओरडतो, आणि प्रत्येक हाकेबरोबर त्याचं नाव शाळेच्या दिशेने जातं. जे नाव त्याने शालूसमोर कधी उच्चारलं नाही ते आता बाप गाव गोळा करून उच्चारतोय. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी थांबतो. घरचे थांबतात. हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. पूर्ण राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, आणि सगळ्या चित्रपटात एवढा एकच वेळ असा आहे, की भिंतीच्या आतली शालू आणि भिंतीबाहेरचा जब्या एकच गोष्ट करत आहेत. एकाच नियमाने ताठ उभे आहेत. राष्ट्रगीत संपतं आणि पुन्हा पाठलाग, पुन्हा हशा.

या हशात शालू आहे. जब्याला ती हसताना दिसते.

तिच्याकडून त्याला मिळालेलं हे एकच उत्तर. आणि ते त्याला दिलेलं नाही. ती मैत्रिणींबरोबर हसतेय, जशी सर्कस पाहताना हसेल. ती हसली म्हणून जब्याचं लपणं संपतं, तो भिंतीआडून बाहेर येतो आणि त्वेषाने डुकरामागे धावतो, धरतो. आता लपवायला काही उरलेलं नाही. चित्रपट पाहणाऱ्या कित्येकांच्या मनात इथे शालूविषयी कडवटपणा येतो. मला तो पटत नाही. तिने त्याला फसवलं नाही, झुलवलं नाही, आशा लावली नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण म्हणून तिचं हसणं निर्दोष आहे, असंही मला म्हणवत नाही. एका घराला डुकरामागे धावताना बघून हसू येतं, ते हसू तिला कुणीतरी शिकवलेलं आहे. चोखोबांच्या अभंगाआधी, शाळेत नाव घालायच्याही आधी.

चित्रपट झाल्यावर माझ्या वर्गात यावरूनच जुंपली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिने हसायला नको होतं." दुसरी लगेच म्हणाली, "तिला काय माहीत तो कोण ते? तिला काय सपान पडलंय?" मुलींच्या रांगेत दोन तट पडले. ज्या मुली एरवी मुलांच्या देखत तोंड उघडत नाहीत त्या मुलांच्या देखत एका मुलाच्या मनाविषयी मोठ्या आवाजात भांडत होत्या. कुणी तरी बघतं, आणि आपल्याला ते माहीत नसतं, याची जबाबदारी आपल्यावर येते का? हा प्रश्न त्यांनी या शब्दांत विचारला नाही, पण भांडण त्याचंच होतं. एकीने फार बारीक गोष्ट काढली. ती म्हणाली, शालू एकटी असती तर हसली नसती. घोळक्यात होती म्हणून हसली.

मुलांच्या रांगेत शांतता होती. मुलं चित्रपटातल्या मोबाइलविषयी बोलली. कचरूच्या घराचे फोटो काढणारी, कॉमेंट्री करणारी पोरं त्यांना ओळखीची वाटली. एकाने सांगितलं, आमच्याकडे आता फोटो ग्रुपवर जातो, आणि ज्याचा आहे तो सोडून सगळ्यांना दिसतो. हे त्याने अगदी सहज सांगितलं. मला त्यावर बरंच बोलायचं होतं, पण तेवढ्यात शेवटच्या बाकावरून प्रश्न आला. हा मुलगा वर्षभरात स्वतःहून कधी बोललेला नाही. "मॅडम, त्या चिठ्ठीचं फुडं काय झालं?"

मी सांगितलं, ती दिली गेली नाही.

"मंग ती कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. डुक्कर काठीला बांधून नेताना त्या वाटेवर शाळेची भिंत येते, त्यावर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र आहे, ते आमच्या चर्चेत आलं. पोरं बहिणीची छेड काढतात, जब्याचा तोल जातो, तो दगड मारत सुटतो आणि शेवटचा दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो, हे आलं. तो दगड कुणासाठी, यावर बऱ्याच जणांनी हात वर केले. समाजासाठी, प्रेक्षकांसाठी, त्या पोरांसाठी. एकाही मुलाने किंवा मुलीने तो शालूसाठी आहे असं म्हटलं नाही. याचं मला बरं वाटलं. त्या मुलाचा चिठ्ठीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. दगड सगळ्यांना दिसला होता, चिठ्ठी त्या एकालाच.

पुढच्या तासाला मी लिहायला दिलं. त्या दिवशी संध्याकाळी शालू घरी गेली. रात्री जेवताना ती घरच्यांशी काय बोलेल? दहा-बारा ओळींत लिहा. बहुतेक वह्यांत शालूला पश्चात्ताप झाला होता. तिने आईला सांगितलं होतं, जात-पात मानू नये, आणि आईला ते पटलं होतं. निबंधात असं लिहिलं की गुण मिळतात हे मुलांना आम्हीच शिकवलंय. दोन-तीन वह्यांत तिने वडिलांना डुक्कर कसं पळालं ते रंगवून सांगितलं होतं आणि सगळे हसले होते. हे लिहायला धाडस लागतं. मी त्याखाली 'छान' असं लिहिलं.

एका मुलीने चारच ओळी लिहिल्या होत्या. घरी गेल्यावर शालूने दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, जेवली आणि अभ्यासाला बसली. डुकराचं तिने काही सांगितलं नाही, कारण तिच्यासाठी त्या दिवशी विशेष असं काही झालंच नव्हतं. ओळी कमी भरल्या म्हणून मी वही परत द्यायला हवी होती. दिली नाही. ती वही मी स्टाफरूममध्ये नेऊन दोघा सहकाऱ्यांना वाचून दाखवली.

आणि चिठ्ठी विचारणाऱ्या मुलाने शालूचं लिहिलंच नाही. त्याने जब्याचं लिहिलं. परवानगी न घेता विषय बदलला होता. त्याच्या लिखाणात जब्या घरी जाऊन चिठ्ठी शोधतो, ती सापडते, आणि तो ती पिऱ्याला वाचून दाखवतो. पिऱ्या म्हणतो, अक्षर चांगलंय. शुद्धलेखनाच्या सहा-सात चुका होत्या, त्यांवर मी लाल शाई फिरवली नाही. तास संपल्यावर त्याला बोलावून वही हातात दिली आणि सांगितलं की मला आवडलं. तो "हो मॅडम" म्हणाला आणि गेला. दारात त्याचा मित्र थांबला होता. दोघं व्हरांड्यातून शेजारी शेजारी चालत गेले, वही मित्राच्या हातात होती.

पुढच्या वर्षीच्या नववीलाही हा चित्रपट दाखवायचा माझा विचार पक्का आहे. पुस्तकात असो वा नसो, चोखोबांचा अभंगही मी शिकवणारच. आधी अभंग घ्यायचा आणि मग चित्रपट, की उलट, एवढंच ठरवायचं राहिलंय. आतापर्यंत मी अभंग आधी घेत आले. या खेपेला चित्रपट आधी दाखवीन, दोन दिवस जाऊ देईन, आणि मग अभंग फळ्यावर लिहून कुणीतरी स्वतःहून हात वर करेपर्यंत थांबेन.